टिपणीस सरांचं बर्लिन

टिपणीस सरांबद्दल चांगलं बोलणारी माणसं मला भेटली आहेत. त्यांतल्या एकानंही त्यांच्या हाताखाली काम केलेलं नव्हतं. मी आठ महिने केलं.

ते साठीला आले होते. बारीक, ताठ, आणि केस न रंगवता काळे राहिल्याचा अभिमान असलेले. रियाधमध्ये बाहेर पंचेचाळीस डिग्री असताना ते ऑफिसात करड्या रंगाचा बिनबाह्यांचा स्वेटर घालून बसत. आमच्या विभागाचा एसी ते स्वतःच अठरावर ठेवत आणि मग स्वेटर घालत. आम्ही बाकीचे कुडकुडत असू. कुणी रिमोटला हात लावला की म्हणत, "थंडीत डोकं चालतं. उन्हात काय चालतं ते खिडकीतून बघा."

आमचं ऑफिस एका नव्या फुटबॉल स्टेडियमचं डिझाईन करत होतं आणि सर त्या विभागाचे प्रमुख होते. मी नवी आर्किटेक्ट. सर पूर्वी पाच वर्षं जर्मनीत होते. बर्लिनच्या ऑलिम्पिक स्टेडियमची मोठी दुरुस्ती झाली, त्याला नवं छप्पर बसलं, तेव्हा त्या छपराच्या कामावर ते इंजिनिअर होते. ही गोष्ट ऑफिसात कुणाला माहीत नाही असं होणं शक्य नव्हतं. पहिल्या दिवशी चहा देणाऱ्यानं मला वॉशरूम दाखवली, पाण्याचं मशीन दाखवलं, आणि सरांच्या केबिनकडे बोट करून म्हणाला, "वो बर्लिन साहब हैं।"

माझा इंटरव्ह्यू त्यांनीच घेतला होता. शेजारी एचआरचा सुदानी माणूस बसला होता. सरांनी माझ्यासमोर एक फोटो सरकवला. वरून काढलेला. अंडाकृती मैदान, त्याभोवती निळी धावपट्टी, आणि प्रेक्षकांच्या डोक्यावर पांढरं छप्पर. छप्पर मात्र पूर्ण फिरलेलं नव्हतं. एका टोकाला ते सोडून दिलेलं होतं.

"हे पूर्ण का नाही केलं?" त्यांनी इंग्रजीत विचारलं.

मला उत्तर येत होतं. आदल्या दिवशीच वाचलं होतं. त्या टोकाला जुना मॅरेथॉन दरवाजा आहे. त्यातून बाहेरचा घंटेचा मनोरा दिसतो. वास्तू संरक्षित असल्यामुळे ते दृश्य अडवायची परवानगी नव्हती. हे सगळं माझ्या डोक्यात वाक्यावाक्यानं तयार होतं. पण माझं तोंड उघडायला वेळ लागतो, आणि सर वेळ देणाऱ्यातले नव्हते.

ते गोड हसले आणि मराठीत म्हणाले, "इंग्लिश मीडियम ना? मग तोंडात काय धरलंयस? गुळणी?"

सर हसतायत म्हणून सुदानी माणूसही हसला. मीही हसले. ते गोड हसू मी पुढे रोज बघणार होते, आणि त्याचा अर्थ मला तिथंच कळला. सर सगळ्यांशी इंग्रजीत किंवा हिंदीत बोलत, आणि ते बोलणं सभ्य असे. विभागात मराठी येणारी मी एकटी. त्यामुळे त्यांच्या पोटातलं सगळं माझ्याकडे येई, भर मीटिंगमध्ये, दहा जणांसमोर, चेहऱ्यावर कौतुक ठेवून. समोरच्यांना वाटे, गाववाला आहे, पोरीला समजावून सांगतोय. "ही भिंत तू काढलीस की तुझ्या आईनं रांगोळी काढली?" असं ते म्हणत, आणि माझ्या शेजारचा लेबनीज इंजिनिअर माझ्याकडे बघून मान डोलावत असे. त्याला वाटे, शाबासकी मिळतेय.

मी इंग्रजीत उत्तर दिलं तर म्हणत, "मराठी विसरलीस वाटतं." मराठीत दिलं तर, "हे मराठी? ऐकून अंगावर काटा येतो." मग मी उत्तर देणं सोडून दिलं. त्यावर त्यांचं म्हणणं होतं की आमच्या शाळेत फक्त मान हलवायला शिकवत असावेत.

त्यांना काम येत होतं, हे मला मान्य करावं लागतं. एकदा एका उशिरा संपलेल्या मीटिंगनंतर त्यांनी पेन्सिल घेतली आणि मला ते छप्पर समजावलं. पूर्ण गोल छप्पर बांगडीसारखं असतं, ते म्हणाले. बांगडी स्वतःला स्वतः सांभाळते. एका जागी कापलीस की तिला बाहेरून आधार लागतो. म्हणून बर्लिनमध्ये प्रेक्षकांच्या मधोमध झाडासारखे फांद्या फुटलेले वीस सडपातळ खांब उभे करावे लागले. ते शक्य तितके बारीक केले, कारण प्रत्येक खांबामागे बसलेल्या माणसाचं थोडं मैदान जातं. "त्या माणसानंही तिकीट काढलेलं असतं," असं म्हणताना त्यांचा आवाज खरंच मऊ झाला होता. मैदान जमिनीच्या पातळीपेक्षा खोल आहे, त्यामुळे बाहेरून स्टेडियम बुटकं दिसतं आणि दारातून आत गेल्यावर ते पायांखाली अचानक बाहेर दिसतं तेवढंच खाली उतरलेलं असतं, हे सांगताना ते खुर्चीवरून उठले होते. त्या दहा मिनिटांत मी त्यांना जवळजवळ माफ करून टाकलं होतं.

मग त्यांनी पेन्सिल खाली ठेवली. "कळलं? नाही कळलं. जा."

ते स्टेडियम बाहेरून अर्धंच दिसतं. सरांमध्ये मी आठ महिने ती खोली शोधली. ते बाहेरून दिसत होते तेवढेच होते.

घरी मी त्या स्टेडियमबद्दल वाचत असे. सर जे सांगत नसत तेच नेमकं मला वाचावंसं वाटे. एका हुकूमशहानं जगाला आपली ताकद दाखवायला ते बांधून घेतलं. काँक्रीटवर चुनखडकाचे जाड दगड चढवले, म्हणजे हजार वर्षांपूर्वीचं वाटावं. १९३६ साली तिथं ऑलिम्पिक झालं आणि त्याच्यासमोरच एका कृष्णवर्णीय अमेरिकन धावपटूनं चार सुवर्णपदकं जिंकली. जगातल्या तरुणांना मी हाक मारते, असं त्या मनोऱ्यातल्या घंटेवर कोरलेलं होतं. युद्धानंतर मनोरा पाडला तेव्हा ती पडून तडकली. मनोरा पुढे पुन्हा बांधला. ती तडकलेली घंटा अजून स्टेडियमबाहेर ठेवलेली आहे. मी एकदा धीर करून सरांना विचारलं की दुरुस्तीच्या वेळी या सगळ्याचं त्यांना काही वाटलं का.

"दगड बघायचा," ते म्हणाले. "कुणी रचायला लावला ते बघत बसलो तर पगार कोण देणार?"

त्यांच्याशी वाद घालणारा ऑफिसात एकच माणूस होता, इक्बालभाई. ते सियालकोटचे ड्राफ्ट्समन, पंचवीस वर्षं इथं. सियालकोटला हॉकी स्टिका बनतात, त्यामुळे हॉकीवर बोलायचा हक्क आपलाच असं ते समजत. एका दुपारी जेवताना कुणीतरी म्हणालं की बर्लिनच्या त्या स्टेडियममध्ये हिंदुस्थाननं जर्मनीला हॉकीत हरवलं होतं.

"उसमें नहीं," सर लगेच म्हणाले. "बाजूवाले हॉकी के मैदान में. जो कभी बर्लिन गया नहीं वो बोले नहीं."

"मैदान जो भी हो साहब," इक्बालभाई डब्यातला पराठा तोडत म्हणाले, "आठ गोल दिए थे। और टीम आधी हमारी थी।"

"आपकी? तब आप थे कहाँ? पाकिस्तान पैदा भी नहीं हुआ था."

"और आपका बर्लिन, साहब? आप तो छत डालने गए थे, सत्तर साल बाद। गोल आपने भी नहीं मारा।"

सगळे हसले. सर हसले नाहीत. ते माझ्याकडे वळले, चेहऱ्यावर गोड हसू आणलं आणि म्हणाले, "तू कशाला दात काढतेस? तुझ्या चौथ्या मजल्याच्या जिन्यात तीन चुका आहेत." जिन्यात चूक नव्हती. मी दोन तास शोधली.

आता खरी गोष्ट.

माझे बाबा एका सरकारी हॉस्पिटलच्या लॅबमध्ये टेक्निशियन होते. चिपळूणहून आलेले. मी चार वर्षांची असल्यापासून आम्ही इथं. माझा इकामा, म्हणजे इथं राहायचा परवाना, बाबांच्या नोकरीला जोडलेला होता आणि ते जूनमध्ये निवृत्त होणार होते. ते गेले की आईला आणि मला जावं लागणार. ऑफिसनं मला तात्पुरत्या परवान्यावर घेतलं होतं. कंपनीच्या नावावर इकामा हवा असेल तर विभागप्रमुखाची शिफारस लागत होती. म्हणजे टिपणीस सरांची सही. चिपळूणला मी सुट्टीत जाते, तिथं सगळे चांगले आहेत, पण तिथं मी कुणी नाही. हे मी घरी बोलले नव्हते. बाबा मात्र रोज विचारत, "झाली का गं सही?" आणि मी म्हणे, "होईल."

त्या दिवसांत माझ्याकडे पहिल्या मजल्याचा फिरता मार्ग होता, म्हणजे प्रेक्षकांच्या जागांमागून स्टेडियमभोवती फिरणारा रुंद पॅसेज. मध्यंतरात किती माणसं उठतील आणि कुठं जातील यासाठी सरांची एक्सेल शीट होती. ती बर्लिनच्या काळातली. इतके टक्के स्वच्छतागृहात, इतके बिअरच्या काउंटरवर, बाकीचे जागेवर. सरांनी त्यात एकच बदल केला होता. 'बिअर' खोडून 'ज्यूस' लिहिलं होतं.

मी ती शीट बघत होते आणि मला लहानपणापासून पाहिलेले मॉल आठवत होते. अजान झाली की फूड कोर्टमधली निम्मी माणसं उठून मुसल्ल्याकडे, नमाजाच्या खोलीकडे जातात. खोलीबाहेर बूट, चपला, सँडल. आधी रांगेत, मग एकावर एक, मग पॅसेजच्या मध्यापर्यंत. नमाज संपली की सगळे एकदम बाहेर येतात, आणि एका पायावर उभे राहून आपला जोड शोधतात. इथं संध्याकाळच्या सामन्याचं मध्यंतर नमाजाच्या वेळेला धरूनच ठेवतात. आमच्या नकाशात मुसल्ले होते, वजू करायला, म्हणजे नमाजाआधी हातपाय धुवायला, नळ होते. बूट कुठं काढायचे ते नव्हतं. ते निघणार होते आमच्या पळायच्या वाटेवर, जी आग लागली तर पूर्ण मोकळी असायला हवी.

मी भिंतीत दोन ठिकाणी खोबणी काढून बुटांचे कप्पे दाखवले, यायचं आणि जायचं दार वेगळं केलं, आणि प्रिंट सरांकडे नेली.

त्यांनी लाल पेन्सिलीनं दोन्ही कप्प्यांवर फुली मारली. "हे काय देऊळ आहे? जोडे सांभाळायला कुणाला बसवू? तुझ्या बाबांना? रिकामेच होतायत ना जूनमध्ये?"

मी प्रिंट घडी करून पिशवीत ठेवली. मला त्याचं काय करायचं होतं असं नाही. टाकवली नाही, एवढंच.

तीन आठवड्यांनी ग्राहकाकडची माणसं तपासणीला आली. त्यांच्यात हेस्सा नावाची सौदी इंजिनिअर होती, माझ्याहून चार-पाच वर्षांनी मोठी, अबायाखाली पांढरे स्पोर्ट शूज. सर तासभर बोलले. बर्लिन तीनदा आलं. हेस्सा सगळं ऐकत होती. मग तिनं पहिल्या मजल्याच्या नकाशावर बोट ठेवलं आणि विचारलं, "बूट कुठं काढणार?"

आमचे जॉर्डनचे डायरेक्टर सरांकडे बघू लागले. त्या चुकीचा अर्थ सगळ्यांना एकाच वेळी कळला होता. चाळीस वर्षांचा अनुभव असलेल्या माणसानं या देशात स्टेडियम काढलं होतं आणि बूट विसरला होता.

सर एक क्षणच थांबले. "पहिल्या आराखड्यात होतं," ते इंग्रजीत म्हणाले. "माझ्या ज्युनिअरकडून पुढच्या प्रतीत ते सुटलं. ती नवी आहे. आम्ही तिच्याशी बोलू."

मग माझ्याकडे वळले. तेच गोड हसू, तीच हलणारी मान, धीर दिल्यासारखी. "तोंड उघडलंस तर इकामा विसर. बाबांबरोबर तूही जा चिपळूणला, मासे साफ करायला."

डायरेक्टरांनी समजूतदारपणे मान हलवली. हेस्सानं नाही हलवली. ती माझ्याकडे बघत होती, सरांकडे नाही. माझ्या चेहऱ्यावर काय होतं मला माहीत नाही.

"त्यांनी काय सांगितलं तुला?" तिनं विचारलं.

मला खोटं बोलायलाही वेळ लागतो. काहीतरी साधं, 'काळजी करू नकोस' वगैरे, सुचायला दोन-तीन सेकंद लागले असते. त्याआधी खरं तोंडातून निघालं. मी ते इंग्रजीत सांगितलं, शब्दाला शब्द. माशांसकट. माझा आवाज इतका लहान होता की डायरेक्टर म्हणाले, "पुन्हा सांग." मग मी पुन्हा सांगितलं. आणि पिशवीतून ती घडी केलेली प्रिंट काढून टेबलावर ठेवली, फुल्या वर येतील अशी.

सर म्हणाले, "ती चेष्टा होती. आमच्या भाषेत असं बोलतात."

"आमच्या घरी नाही बोलत," मी म्हणाले. हे मराठीत निघालं. ते फक्त त्यांना कळलं.

ऑफिसनं यात न्याय वगैरे काही केला नाही. डायरेक्टरांनी दुसऱ्या दिवशी मला बोलावून सांगितलं की घरातली गोष्ट ग्राहकासमोर काढायची नसते. सरांनाही काहीतरी सांगितलं असावं. दोन दिवस माझ्याशी कुणी बोललं नाही, फक्त इक्बालभाई माझ्या टेबलावर एक संत्रं ठेवून गेले. "बेटा, छत उड़ा दी तूने," ते म्हणाले, आणि लगेच आजूबाजूला बघितलं. हेस्सानं तिच्या अहवालात बुटांचे कप्पे माझ्या जागेवर, माझ्या मापानं मागितले. कदाचित म्हणूनच असेल, माझ्या फॉर्मवर विभागप्रमुखाच्या रकान्यात डायरेक्टरांनी स्वतः सही केली. सरांना दूर दक्षिणेत, जिझानला एका गोदामाच्या कामावर पाठवलं. तिथं स्टेडियम नव्हतं.

मे महिन्यात माझा इकामा आला. बाबांनी कार्ड हातात घेऊन दोन्ही बाजूंनी बघितलं आणि देवासमोर ठेवलं. मी त्यांना काही सांगितलं नव्हतं. त्यांना एवढंच माहीत होतं की टिपणीस नावाचे मराठी साहेब आहेत आणि सही त्यांची लागते. ती झाली, असं मी सांगितलं होतं.

जूनच्या शेवटच्या आठवड्यात मी आईबाबांना विमानतळावर सोडायला गेले. दोघं कायमचे चालले होते. आईच्या बॅगा सहा, त्यातल्या दोन नुसत्या खजुराच्या. मुंबईच्या काउंटरची रांग लांब होती. पुढं कुणीतरी फोनवर मराठीत बोलत होतं, आणि मराठी ऐकलं की बाबांची मान आपोआप वळते. माझीही वळली, आणि मला आवाज ओळखू आला.

सरांनी फोन खिशात ठेवला. ते एकटेच होते. एक बॅग, खांद्याला एक जड पिशवी. त्यांनी मला बघितलं, मग बाबांना, मग पुन्हा मला. मला वाटलं ते तोंड फिरवतील.

"काय, तन्वी! हे बाबा का?"

"तुम्ही टिपणीस साहेब?" बाबांनी दोन्ही हात पुढं केले. "अहो, किती दिवस भेटायचं होतं! तुम्हीही निघालात?"

"खलास. झालं आमचं इथलं. आता पुणे." सर हसले. ते गोड हसू नव्हतं, साधं होतं, मी ते कधी पाहिलं नव्हतं. "तुमची मुलगी हुशार आहे हो. मीच घेतली तिला. इंटरव्ह्यूत एक शब्द बोलली नाही. पण मी म्हटलं, पोरीत दम आहे."

"तुमच्यामुळे हिचा इकामा झाला, साहेब. आम्ही निर्धास्त चाललोय ते तुमच्या जिवावर."

मी सरांकडे बघितलं. आता तरी, मला वाटलं. निदान गप्प तरी बसतील.

"अहो, त्यात काय," सर म्हणाले. "आपल्या माणसाचं आपणच करायचं असतं."

बाबांचे डोळे भरून आले होते. त्यांनी माझ्या पाठीवर हात ठेवला. "पाया पड साहेबांच्या."

मी बॅगांची ट्रॉली दोन्ही हातांनी धरली होती. रांग सरकत होती, मागचा माणूस "यल्ला, यल्ला" म्हणत घाई करत होता. मी ट्रॉली सोडली नाही.

"तन्वी."

"राहू दे हो," सर म्हणाले. "हल्लीची मुलं."

बाबांनी माझ्याकडे बघितलं. ते मला कधी रागवत नाहीत. तेव्हाही रागावले नाहीत, फक्त लाजले, माझ्यासाठी, परक्या माणसासमोर. मला सांगता आलं असतं. तीन वाक्यांत झालं असतं. पण मग ते विमानात चार तास ते घेऊन बसले असते, आणि पुढं चिपळूणला किती वर्षं, कोण जाणे. मी म्हणाले, "बॅगा पडतील, बाबा."

काउंटरवरून पास मिळाले. पुढं मला जाता येत नव्हतं. आईनं मला जवळ घेतलं, कानात विचारलं, "काय गं, काय झालं?" मी म्हणाले, "काही नाही." ती क्षणभर तशीच धरून उभी राहिली. बाबांनी डोक्यावर हात ठेवला आणि लगेच काढला.

मग तिघं काचेच्या दाराकडे निघाले. सर मध्ये चालत होते, काहीतरी समजावून सांगत, आणि बाबा त्यांच्या बाजूनं, ऐकत, मान हलवत. सरांची ती जड पिशवी बाबांनी स्वतःच्या खांद्यावर घेतली होती. दाराशी आई थांबली, वळली, आणि मी दिसत होते तोवर हात हलवत राहिली. बाबांनी मागं बघितलं नाही.